जाहिरातीतील सामान्य स्त्री आणि आपल्या घरातला आरसा

(दुधनी येथे महिला मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुधनी हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे, तूर आणि अन्य कडधान्यांच्या बाजारपेठेमुळे दूरवर ओळखले जाणारे. येथे कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. लेकी-सुनांची ये-जा सीमेच्या दोन्ही बाजूंना अखंड चालू असते. अशा गावात सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. हा विषय मुंबई-पुण्याचा, महाविद्यालयीन तरुणींचा, फार तर दूरचित्रवाणीवरच्या चर्चेचा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु या प्रश्नाचे उत्तर गावातल्या कोणत्याही किराणा दुकानाच्या दारात टांगलेले दिसते. शाम्पूच्या आणि क्रीमच्या छोट्या पुड्यांच्या माळा तेथे लोंबत असतात. आडत दुकानांच्या आवारात दिवसभर धान्य निवडून घरी परतणारी स्त्री डाळ-मीठ-तेलाबरोबर त्यांतली एखादी पुडी मुलीसाठी घेऊन जाते. मुलगी आता लग्नाची झाली आहे, चारचौघांत दाखवायची आहे, हा विचार त्या पुडीमागे असतो. म्हणजे जाहिरात दुधनीपर्यंत केव्हाच पोहोचली आहे. प्रश्न एवढाच की, तिने आपल्याला काय सांगितले आणि आपण तिला काय उत्तर दिले?

गेल्या दोन दशकांत या जाहिरातींनी एक नवे वळण घेतले. रेखीव चेहऱ्याच्या, सडपातळ बांध्याच्या, दुधासारख्या वर्णाच्या मॉडेलऐवजी त्यांत साध्यासुध्या स्त्रिया दिसू लागल्या. कोणी स्थूल, कोणी सुरकुतलेली, कोणी सावळी. 'तू आहेस तशीच सुंदर आहेस' असे जाहिरात सांगू लागली. समाजाने या बदलाचे स्वागत केले, काहींनी टवाळी केली, काहींना त्यात ढोंग दिसले. या प्रतिक्रियांचा विचार करता करता आपण आपल्याच उंबरठ्यापाशी येऊन पोहोचतो, आणि आजच्या विषयाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

एका मोहिमेची कथा

या वळणाचा प्रारंभ २००४ मध्ये झाला. 'डव्ह' हा साबण अमेरिकेत १९५७ पासून विकला जात होता. युनिलिव्हर ही त्याची मालक कंपनी. या कंपनीने दहा देशांतील ३२०० स्त्रियांची पाहणी करून घेतली. स्वतःला 'सुंदर' म्हणवून घेण्यास त्यांतील अवघ्या २ टक्के स्त्रिया तयार होत्या. या दहा देशांत भारताचा समावेश नव्हता, हेही लक्षात ठेवावे. या निष्कर्षाच्या आधारे 'खऱ्या सौंदर्याची मोहीम' उभी राहिली. एका फलकावर ९६ वर्षे वयाच्या आजीबाईंचा हसरा, सुरकुतलेला चेहरा झळकला आणि पाहणाऱ्यांना प्रश्न विचारला गेला की, या सुरकुत्या म्हणायच्या की हे वैभव म्हणायचे? पाठोपाठ वेगवेगळ्या अंगकाठीच्या सहा सामान्य स्त्रियांची छायाचित्रे मोठमोठ्या फलकांवर लागली.

२००६ मध्ये याच मोहिमेतील एक लघुपट आला. साधारण मिनिटभराचा. एक तरुणी कॅमेऱ्यासमोर येऊन बसते. तिच्या चेहऱ्यावर रंग चढतात, केस फुलवले जातात, दिव्यांची रचना बदलते, आणि अखेरीस संगणकावर तिची मान लांब केली जाते, डोळे मोठे केले जातात. शेवटी रस्त्यावरच्या फलकावर झळकणारा चेहरा हा मूळ तरुणीचा उरलेलाच नसतो. ज्या चेहऱ्याशी तुलना करून जगभरच्या मुली झुरतात, तो चेहरा पृथ्वीवर अस्तित्वातच नाही, हे सत्य त्या एका मिनिटात उघडे पडले. जाहिरात क्षेत्रातील सर्वांत मानाचे समजले जाणारे फ्रान्समधील कान येथील पारितोषिक या लघुपटाला २००७ मध्ये मिळाले.

प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. असंख्य स्त्रियांना दिलासा वाटला. आपल्यासारखे कोणीतरी प्रथमच त्या उंच फलकावर पोहोचले, ही भावना खोटी नव्हती आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. दुसरीकडे शिकागोमधील एका दैनिकाच्या पुरुष स्तंभलेखकाने, असल्या स्थूल स्त्रिया फलकावर पाहणे आपल्याला रुचत नाही, असे खुशाल लिहिले. त्यावर वाचकांचा मोठा गदारोळ उठला. स्त्रीने सार्वजनिक जागेत दिसायचे ते पुरुषाच्या डोळ्यांना सुखावण्यासाठीच, ही समजूत प्रगत म्हणवणाऱ्या समाजातही किती मुरलेली आहे, त्याचे हे प्रात्यक्षिकच होते.

तिसरी प्रतिक्रिया अधिक विचार करायला लावणारी होती. त्या सहा स्त्रियांचे फलक ज्या उत्पादनासाठी लागले, ते त्वचा घट्ट करणारे मलम होते. म्हणजे 'तू आहेस तशीच छान आहेस' असे सांगून पुढच्याच वाक्यात 'परंतु हे मलम लावून थोडी घट्ट हो' असा सल्ला. २०१३ मध्ये याच कंपनीचा आणखी एक लघुपट गाजला. त्यात पोलिसांसाठी गुन्हेगारांची रेखाचित्रे काढणारा चित्रकार स्त्रियांनी स्वतः केलेल्या वर्णनावरून एक चित्र काढतो आणि परक्या माणसाने केलेल्या वर्णनावरून दुसरे. दुसरे चित्र अधिक प्रसन्न दिसते आणि त्या स्त्रियांचे डोळे भरून येतात. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. पण काही जाणत्या स्त्रियांनी विचारले की, स्त्रीच्या आयुष्याची किंमत अखेर तिच्या दिसण्यावरच ठरवायची असेल, तर आरसा थोडा दयाळू केल्याने काय साधले? हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत विचारला गेला, तरी तो आपल्याही मनाला भिडणारा आहे.

लीला चिटणीस ते ललिताजी

आपल्या देशात सौंदर्याची जाहिरात नवी नाही. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय अभिनेत्री म्हणजे लीला चिटणीस. मूळच्या धारवाडच्या, मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत नाव कमावलेल्या, पदवीपर्यंत शिकलेल्या. त्या काळी शिकलेल्या, घरंदाज स्त्रीने जाहिरातीत येणे हेच धाडस होते. त्यानंतरची कित्येक दशके लक्सची जाहिरात म्हणजे चित्रतारका, हे समीकरण कायम राहिले. तारकेने वापरलेला साबण सामान्य स्त्रीच्या न्हाणीघरात यावा, एवढाच त्याचा आशय. तारका वर आणि सामान्य स्त्री खाली, ही उतरंड त्यात गृहीत धरलेली होती.

सामान्य स्त्रीला जाहिरातीच्या मध्यभागी आणले ते सर्फच्या 'ललिताजीं'नी. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कविता चौधरी या अभिनेत्रीने साकारलेली ही गृहिणी निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसून बाजारात हिशेबाने वागणारी, दुकानदाराला चार शब्द सुनावणारी होती. ती रूपाने कोणाला भुरळ घालत नव्हती. तिचा अधिकार तिच्या व्यवहारज्ञानाचा होता. भारतीय प्रेक्षकांनी तिच्यात आपली वहिनी, आपली काकू पाहिली. जाहिरातीत सामान्य स्त्री सन्मानाने येऊ शकते, आणि त्यासाठी तिच्या देहाची चर्चा करावी लागत नाही, हे ललिताजींनी पाश्चात्त्य मोहिमेच्या वीस वर्षे आधी दाखवून दिले होते.

एकाच घरात दोन भाषा

आता या कथेची दुसरी बाजू. 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम चालवणाऱ्या युनिलिव्हरचीच भारतातील कंपनी १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' विकत होती. एका हाताने 'तू आहेस तशीच सुंदर' आणि दुसऱ्या हाताने 'गोरी झालीस तरच तुझे भले' असा हा व्यापार. एका जाहिरातीत निवृत्तिवेतनावर जगणारा बाप, आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, असा सुस्कारा सोडतो. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते आणि हवाईसुंदरी बनून बापाला उपाहारगृहात घेऊन जाते. मुलगी असणे हा पहिला दोष, सावळी असणे हा दुसरा, आणि दोन्हींवर एकच उतारा!

या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आणि शासनाकडे तक्रार केली आणि २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. ही संघटना डाव्या विचारांची. तिच्याशी आपले मतभेद अनेक आहेत आणि राहतील. तथापि सत्य कोणाच्या मुखातून आले यावर त्याचे मोल ठरत नाही. या प्रश्नावर त्यांनी जे केले ते योग्य होते, आणि ते आपल्याला आधी का सुचले नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

तो विचारण्याचे कारण आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू येथे विश्वसुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. त्यात राष्ट्रवादी विचारांचे कार्यकर्ते होते आणि डाव्या महिला संघटनाही होत्या. पोहण्याच्या पोशाखातील फेरी अखेर सेशल्स बेटांवर हलवावी लागली. स्त्रीदेहाचा बाजार मांडू नये, ही त्या आंदोलनामागील भावना रास्त होती. पण त्याच वर्षी, त्याच देशात, अक्षरशः लाखो घरांत कांदेपोह्यांच्या ताटलीमागे उभ्या राहिलेल्या मुलीला वरून खालपर्यंत न्याहाळून 'रंग जरा दबलेला आहे' असा शेरा मारला जात होता. त्या स्पर्धेत निदान परीक्षक अनोळखी होते. आपल्या घरातल्या स्पर्धेत परीक्षक होते आपणच. त्या परीक्षेविरुद्ध मोर्चा निघाला नाही.

टाळ्या आणि परिचयपत्र

२०१३ मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या नाममुद्रेची एक जाहिरात आली. पुण्यात वाढलेल्या दिग्दर्शिका गौरी शिंदे यांनी ती केली होती. सावळ्या वर्णाची वधू विवाहासाठी सजते आहे, आणि तिच्यासोबत तिची लहान मुलगी आहे. म्हणजे हा पुनर्विवाह. सप्तपदी चालू असताना मुलगीही फेऱ्यांत येऊ पाहते आणि वर तिला प्रेमाने उचलून घेतो. वधूची भूमिका व्यावसायिक अभिनेत्रीची होती, तरी पडद्यावर दिसणारी स्त्री आपल्या आळीत दिसावी अशीच होती. देशभर या जाहिरातीचे कौतुक झाले. ज्या महाराष्ट्रात महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, त्या महाराष्ट्राला तर ती विशेष जवळची वाटावी.

२०२१ मध्ये डव्हने भारतात आणखी एक मोहीम काढली. विवाह जुळवताना होणारी 'सौंदर्याची परीक्षा' थांबवा, असे तिचे आवाहन होते. अभिनेत्रींऐवजी प्रत्यक्ष जीवनातील स्त्रिया पुढे आल्या. कोणाला वजनावरून, कोणाला वर्णावरून, कोणाला केसांवरून, कोणाला चेहऱ्यावरच्या जन्मखुणेवरून काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी दाखवले. याही मोहिमेचे कौतुक झाले. घरोघरच्या भ्रमणध्वनींवर ती चित्रफीत एकमेकांना पाठवली गेली.

परंतु त्याच भ्रमणध्वनीवर वधू-वरांची परिचयपत्रेही फिरत असतात. 'मुलगी गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष हवी' हे वाक्य त्यांत अजूनही असते. सावळ्या मुलीच्या परिचयपत्रात 'सावळी' न लिहिता 'गव्हाळ' लिहायचे, हा संकेत इतका रूढ आहे की त्यात खोटेपणा आहे हेही कोणाला जाणवत नाही. २०२० मध्ये एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाला वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय ग्राहकांच्या विरोधामुळे काढून टाकावी लागली. संगणकातून ती सोय गेली. मनातून गेली काय?

ही विसंगती एकट्या कंपनीच्या माथी मारता येत नाही. जाहिरातदार हा व्यापारी असतो. समाजाच्या मनात जी भीती आधीच आहे, तिच्यावर तो भांडवल गुंतवतो. सावळ्या मुलीच्या बापाला हुंडा अधिक द्यावा लागतो, ही गोष्ट क्रीमच्या कंपनीने शोधून काढलेली नाही. ती आपण चालवली आणि तिने विकली. म्हणून जाहिरातीतल्या सामान्य स्त्रीला टाळ्या देणाऱ्या हातांनी, घरातल्या सामान्य मुलीला कोणता आरसा दिला आहे, ते तपासणे हेच खरे काम आहे.

सावळ्याचा जिल्हा

विशेष म्हणजे हे सारे घडते आहे ते पंढरपूरच्या जिल्ह्यात. ज्याच्या दर्शनासाठी आषाढीला लक्षावधी वारकरी चालत येतात, तो विठोबा काळ्या पाषाणाचा. संतांनी त्याला सावळा म्हटले ते कमीपणाने नव्हे, लाडाने. रामाचा वर्ण श्याम, कृष्णाच्या तर नावातच काळा रंग. महाभारतात द्रौपदीचे एक नाव 'कृष्णा', आणि तिच्या रूपाची कीर्ती साऱ्या आर्यावर्तात. महाभारत रचणारे व्यास हे कृष्णद्वैपायन, म्हणजे वर्णाने काळेच. देव्हाऱ्यातल्या सावळ्याला लोणी-साखर आणि माजघरातल्या सावळीला चेहऱ्याचे क्रीम, हा कोणत्या धर्माचा आचार?

या भागाच्या परंपरेत देहसौंदर्याविषयीचे दोन अत्यंत तेजस्वी दाखले आहेत. पहिला अक्कमहादेवीचा. बाराव्या शतकातील ही शिवभक्त कवयित्री कल्याणच्या शरणमेळ्यातली. येथील कानडी घरांत तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. तिच्या रूपावर लुब्ध झालेल्या राजाला आणि त्याच्या वैभवाला तिने पाठ दाखवली. परंपरा सांगते की, तिने वस्त्रालंकारही त्यागले आणि केशसंभार हेच आपले आवरण मानले. देह ही आपली ओळख नव्हे, हे तिने जगून दाखवले.

दुसरा दाखला मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचा. गणिकेच्या पोटी जन्मलेली, अलौकिक रूपाची. तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहाच्या कानी गेली आणि तिला पकडून आणण्यासाठी शिपाई आले. तिने पंढरीच्या विठ्ठलाच्या पायी धाव घेतली आणि तेथेच देह ठेवला, असे परंपरा मानते. पंढरपूरच्या मंदिराच्या आवारात तिच्या स्मृतीचे झाड दाखवले जाते. सत्तेने तिच्या रूपाला वस्तू मानले. तिने स्वतःला भक्त मानले. आजच्या बाजारालाही स्त्रीचे रूप ही वस्तूच वाटते. फरक एवढाच की, पूर्वी शिपाई येत, आता पुडी येते.

याचा अर्थ नीटनेटके राहणे, वेणीत गजरा माळणे, चेहऱ्याला हळद लावणे हे सारे त्याज्य, असा मुळीच नाही. आपल्या संस्कृतीने शृंगाराला कधी पाप मानलेले नाही. सण, उत्सव, मंगलकार्य यांत सजणे हा आनंदाचा भाग आहे. आनंदासाठी सजणे आणि नाकारले जाण्याच्या भीतीने सजणे, या दोहोंत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाजार भीती विकतो. आपल्याला आनंद जपायचा आहे.

माल स्वदेशी, हीनभाव तोच

येथे स्वदेशीचा मुद्दा सहजच पुढे येतो. परदेशी कंपनीचे क्रीम नको, देशी घ्या, एवढे सांगून पुष्कळदा समाधान मानले जाते. स्वदेशी उद्योगाचा अभिमान असावाच. मराठी पेंढरकर कुटुंबाच्या विको कंपनीने १९५२ पासून आयुर्वेदाच्या आधारावर उद्योग उभारला आणि घरातल्या हळदीला ट्यूबमध्ये भरून देशोदेशी नेले, ही कर्तबगारीची गोष्ट आहे. पण पुरुषांनाही गोरेपणाची स्वप्ने विकणारे 'फेअर अँड हँडसम' २००५ मध्ये बाजारात आणले ते कोलकात्याच्या इमामी या देशी कंपनीनेच. म्हणजे माल स्वदेशी असला तरी त्यातून विकला जाणारा हीनभाव तोच राहतो. स्वदेशी हा मनाचा विषय आहे. आपल्या मातीने दिलेल्या वर्णाची लाज वाटणे हे परावलंबनाचे सर्वांत खोल रूप होय.

या हीनभावाची किंमत कधी कधी प्राणांशी येते. २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आलेली हकिगत महाराष्ट्रातलीच आहे. अकोल्यातील एका घरातल्या मायलेकींनी त्वचा उजळण्यासाठी एक क्रीम वापरले आणि त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही काळ उजळ दिसतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने आधी त्वचा उजळते, मग पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात, आणि मलम थांबवताच त्रास दुणावतो. वैद्यांच्या सल्ल्यावाचून अशी मलमे वापरणे म्हणजे चेहऱ्यासाठी आरोग्य गहाण टाकणे आहे.

नाव बदलले, पुढे काय?

समाजाच्या प्रतिक्रियांचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र समजू नये. २००९ मध्ये चेन्नईतील एका स्त्री संघटनेने सावळेपणाच्या सन्मानार्थ मोहीम सुरू केली. पुढे २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या आणि ती देशभर पोहोचली. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केला की, सावळ्या व्यक्तीला दुःखी, निराश, विवाहात किंवा नोकरीत मागे पडलेली असे जाहिरातीत दाखवता कामा नये. ही परिषद म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःच १९८५ मध्ये स्थापन केलेली संस्था. म्हणजे व्यापाऱ्यांनाही लोकमताची दखल घ्यावी लागली. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध उसळलेल्या आंदोलनाचे पडसाद उमटले आणि ४५ वर्षांनी 'फेअर अँड लव्हली'तील 'फेअर' हा शब्द गळला. क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीतील ग्राहक आयोगाने 'फेअर अँड हँडसम'च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला १५ लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. तक्रारदार एक सामान्य ग्राहक होता. त्याने २०१३ मध्ये ७९ रुपयांना ते क्रीम विकत घेतले होते आणि त्यानंतर तो अकरा वर्षे लढला. सामान्य माणसाने चिकाटी सोडली नाही, तर पुडीवरचा शब्द आणि जाहिरातीतला दावा दोन्ही तपासले जातात, हे यावरून दिसते.

पण 'गोरेपणा' जाऊन 'उजळपणा' आला, यात समाधान मानावे का? शब्द बदलतो, तेव्हा अर्थ दुसऱ्या दाराने परत येतो. तो आत येऊ द्यायचा की नाही, हे दार कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. ते दार घरातल्या माणसांच्या हाती आहे.

करण्यासारखे

व्याख्यान ऐकून मनाला बरे वाटते आणि घरी गेल्यावर सर्व पूर्ववत चालते, हा अनुभव नवा नाही. म्हणून काही गोष्टी नेमकेपणाने सांगणे इष्ट.

पहिली गोष्ट परिचयपत्राची. आपल्या घरातून निघणाऱ्या कोणत्याही परिचयपत्रात वर्णाचा उल्लेख नसावा, ना मुलीच्या, ना मुलाच्या, ना अपेक्षेच्या रकान्यात. समोरच्याने विचारलेच तर 'भेटा, बोला आणि मग ठरवा' एवढे उत्तर पुरे.

दुसरी गोष्ट जिभेची. बारशाच्या दिवशीच 'रंग कोणावर गेला' या चर्चेला तोंड फुटते आणि बोलणाऱ्या पुष्कळदा घरातल्या स्त्रियाच असतात. आजीने, आत्याने, मावशीने लाडात म्हटलेला 'काळुंद्री' हा शब्द मुलगी जन्मभर विसरत नाही. जाहिरातीची पुडी एक-दोन रुपयांना मिळते. हा शब्द फुकट मिळतो आणि अधिक खोल जातो.

तिसरी गोष्ट खरेदीची. ज्या मलमावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ते घरात येता कामा नये. दिशाभूल करणारी जाहिरात दिसल्यास जाहिरात मानक परिषदेकडे, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी मोर्चाची गरज नाही, एक दूरध्वनी पुरतो.

चौथी गोष्ट कौतुकाची. १९३६ मध्ये वर्धा येथे लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. समितीने स्त्रियांपुढे तीन आदर्श ठेवले. मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहिल्याबाई आणि नेतृत्वासाठी राणी लक्ष्मीबाई. या तिघींचा आदर सांगताना त्यांच्या वर्णाची चौकशी कोणी करत नाही. गिरगावात १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसलेल्या सात गृहिणींनी 'लिज्जत'सारखी सहकारी संस्था उभी केली. त्यांना कोणी रूपावरून ओळखत नाही, त्यांच्या हातांवरून ओळखतात. मुलीने गणितात गुण मिळवले, सायकलची साखळी स्वतः बसवली, आजारी आजीची शुश्रूषा केली, की त्याचे कौतुक पाहुण्यांसमोर, मोठ्याने व्हावे. ज्या मुलीला आपल्या कामाची ओळख लहानपणीच मिळते, तिला पुडीने दिलेली ओळख लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट पुरुषांची. सभेला आलेल्या बंधूंनी ही चर्चा स्त्रियांची म्हणून सोडून देऊ नये. मुलगी पाहायला जाणाऱ्या मंडळींत बाप असतो, काका असतो, स्वतः मुलगा असतो. 'आमची रंगाची काही अट नाही' हे वाक्य मुलाने स्वतः, सर्वांसमक्ष उच्चारले तर त्याचे वजन शंभर व्याख्यानांहून अधिक आहे.

जाहिरातीत सामान्य स्त्री दिसू लागली, याचा आनंद मानू या. तिला तेथवर आणण्यामागे व्यापाराचा हेतू आहे, हे ओळखून असू या. पण तिला मान मिळवून देण्याचे काम फलकाचे नाही. ते दुधनीच्या, अक्कलकोटच्या, सोलापूरच्या प्रत्येक घराचे आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, परिचयपत्रे छापली जातात, स्थळे येऊ लागतात. यंदा ती छापायला देण्यापूर्वी प्रत्येक घराने लेखणी हाती घ्यावी आणि त्यातला एक शब्द खोडावा. तो शब्द कोणता, हे आता येथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

भारत माता की जय!